सख्ख्यांपैकी एक

“दोन्ही पोरांचं रक्त कामी येतंय न्हवं, मॅडम?” पिशवीतले पेरू माझ्या टेबलावर ठेवत हौसाबाईंनी विचारलं.

हृदयविकार घराण्यांत कसा उतरतो, याचं गणित मी हजारो माणसांच्या जनुकांवरून मांडत होते. हौसाबाईंच्या दोन्ही मुलांनी त्यासाठी रक्त दिलं होतं; थोरला गेल्या महिन्यात त्याच दुखण्याने गेला.

“सख्ख्या भावांची जनुकं फार सारखी असतात, त्यानं गणित चुकतं,” मी म्हणाले. “दोघांतला एकच ठेवता येतो.”

ज्याच्या तपासण्या अर्धवट, तो वगळायचा, असा नियम होता. थोरला दुसऱ्या तपासणीआधीच गेला. सकाळीच मी त्याचा नमुना वगळला होता.

हौसाबाई रिकाम्या पिशवीची घडी घालू लागल्या.

“मग धाकट्याचं काढून टाका की. त्यो हाय डोळ्यापुढं. थोरल्याचं आता तेवढंच उरलंय.”