सातवा अंक

"बाकीचे सगळे लाव. सातवो तेवढो लावू नको गो बाय," देवकी म्हणाली.

प्रदर्शन मांडणाऱ्या गौरवीने लॅपटॉप तिच्याकडे वळवून ठेवला होता. गुरुवारी डिचोलीच्या वाचनालयात प्रदर्शन उघडायचं होतं. विषय होता एकोणीसशे पंचावन्न सालच्या चित्रकथा. मुरगावला बोटीने उतरणारी लिस्बनची चित्रसाप्ताहिकं त्यात होती. त्याच वर्षी ज्यांच्यावर तपासणीचा शिक्का बसू लागला, ती अमेरिकेतली पुस्तकं होती. आणि मधोमध असणार होता 'रानराजा'. सर्वण गावात हाताने काढलेलं, या घरातून त्या घरात गुपचूप फिरलेलं मराठी साप्ताहिक.

"आजी, सातवाच तर कुठे मिळत नव्हता. लिस्बनला जुन्या सरकारी कागदांत सापडला. परवा फोटो आले. तुमच्या भावाचं शेवटचं काम ते, आणि तेच वगळू?"

देवकी उठली. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते. तिने खिडकी लावली आणि पुन्हा येऊन बसली. सुनेने, शीतलने, ठेवलेला चहा तसाच निवत होता.

"तीं चित्रां भिकाजीन काडूक नाय," ती म्हणाली. "मी काडलीं."

गौरवीला आधी कळलंच नाही. सर्वणच्या शाळेसमोरच्या फलकावर दोन नावं होती. हुतात्मा कृष्णनाथ, आणि 'रानराजा'चे चित्रकार हुतात्मा भिकाजी. तिने लहानपणापासून तेच वाचलं होतं.

"तुम्ही? तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होता?"

"अकरा."

मग देवकी बोलत गेली. त्या वर्षी पोर्तुगेजांच्या ताब्यातल्या गोव्याची सीमा बंद झाली आणि मुंबईहून येणारी चित्रांची पुस्तकं यायची थांबली. भिकाजी एकोणीस वर्षांचा. म्हणाला, आपणच काढूया. गोष्ट त्याची, अक्षर त्याचं, चित्रं देवकीची. रानराजा रानात राहायचा आणि गोऱ्या शिपायांना, पाखल्यांना, चकवायचा. लोक पोट धरून हसत. एवढ्याशा पोरीने काढलंय असं सांगितलं असतं तर कुणी हातात धरलं नसतं, म्हणून भिकाजीचं नाव.

"आणि कृष्णनाथ?"

"भिकाजीचो जिवाभावाचो दोस्त. टेलिफोनाच्यो तारो तोडून डोंगरात लपलो होतो. मी अकरा वाजतां त्याका पेज घेऊन जायी. पोरीवर कोण संशय घेतलो?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"माका न बघिल्लां काडूक येय नाय. रानराजाक लपूक जागा होयी होती. मी ती घळ काडली. तो काजीचो पेड, ती फुटकी शिळा, बाजूची झर. जशीच्या तशी. शुक्रवारी अंक गेलो. आयतवारी पाखल्यांचे पोलीस थेट थंयच गेले. माझ्या हातात पेजेचो तवलो होतो. गोळ्यो ऐकल्यो, आणि तवलो थंयच टाकून धांवत सुटलें."

देवकीने निवलेला चहा बाजूला सारला.

"सांजेक भिकाजीक घरातून नेलो. बोटीत घालून आफ्रिकेक धाडलो म्हणत. ना पत्र, ना निरोप. आवशीन बारा वर्षां वाट बघली आणि मग तेचे दिवस केले."

त्यानंतर देवकीने हातात पेन्सिल धरली नाही. लग्न होऊन मुळगावला आली, पण दारात कधी रांगोळीसुद्धा काढली नाही. कृष्णनाथची आई असेपर्यंत दर चवथीला तिच्यासाठी नेवऱ्या पाठवायची. देवकी त्या गाईला घालायची.

"त्या माउलीक वाटा, ह्या पोरीन माझ्या झिलाक जेवूक घातलां," ती म्हणाली. "आणि मी त्याका मारलां. दोघांकय मारलां."

"आजी, तुम्ही लहान होता. तुम्हाला काय ठाऊक!"

"लहान होतें, पण डोळे होते ना माका?" मग तिचा आवाज एकदम स्थिर झाला. "बरां, लाव तू सातवो. पण तेच्या खाली लिव. हें चित्र देवकीन काडलां, आणि ह्या चित्रान दोन जीव घेतले. माझां नाव घालून लिव. सत्तर वर्षां झालीं. आता फलकाचोय काय तो निकाल लागूंदे."

गौरवीने तिचा हात हातात घेतला. मग तिने पुढचा फोटो उघडला.

"ही अंकाची मागची बाजू. पोर्तुगेजमध्ये काहीतरी लिहिलंय. पोलिसांचाच शेरा असणार. लावायचं तर दोन्ही बाजू लावायला हव्यात, पण मला यातलं अक्षर कळत नाही. तुम्ही पोर्तुगेज शाळेत गेला होता ना?"

"दोन वर्षां."

देवकीने चष्मा लावला. पडद्याजवळ वाकली. शाई फिकट झाली होती. ती एकेका शब्दावर बोट ठेवत, शाळेत वाचत तशी, आधी पोर्तुगेज पुटपुटली आणि मग त्याचं मराठी करून सांगू लागली.

"'साहेब, चौथ्या चित्रातली जागा खरी आहे. तो तिथेच असतो. रविवारी अकराच्या आधी जा.'"

बोट थांबलं.

"अजून एक ओळ आहे ना?" गौरवीने विचारलं.

देवकीने बोट शेवटच्या ओळीवर नेलं.

"'पेज घेऊन येणाऱ्या पोरीला काही करू नका. ती माझी धाकटी बहीण आहे.'"