दोन मार्कांची असाइनमेंट

पाटणकर सरांनी श्रावणची फाइल टेबलावर आपटली. "पहिल्या असाइनमेंटला दहापैकी नऊ, दुसरीला दोन, तिसरीला नऊ, चौथीला दोन! या नऊवाल्या कोणाच्या उतरवल्यास?"

तिगावातून इंजिनिअरिंगला आलेला श्रावण हा पहिलाच. पण त्याची मान काही खाली गेली नाही.

"नऊवाल्या माह्याच हायेत, सर. संत्र्याचा तोडा आला का मायसंगं मजुरीले गावी जा लागते. त्या हप्त्यात टाइम भेटत नाही, मंग उतरवतो."

"म्हणजे दोनवाल्या उतरवलेल्या? कोण हा दिवटा?"

श्रावणने पिशवीतून गाईड काढलं आणि लेखक म्हणून सरांचंच नाव छापलेलं कव्हर वर करून त्यांच्यापुढे ठेवलं.

"एक आकडाही बदलला नाही, सर."