ताईचा आजार

"आजी, मूल नेमकं कशानं गेलं, आठवतंय का?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

आजी खिडकीकडे बघत राहिली. शेजारी सून अकरा दिवसांच्या मुलीला छातीशी धरून बसली होती. आजीचा मुलगा खुर्ची रिकामी असूनही उभाच होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दहाव्या मजल्यावर लोंबकळत शीळ घालणारा. आज त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

बाळाच्या हृदयात बारीकसा आवाज येत होता. पुष्कळ बाळांना येतो, आपोआप जातो, आम्ही नुसती वाट बघतो, असं बाई आधी म्हणाल्या तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. मग त्यांनी सहज विचारलं होतं, घरात कोणी लहानपणी दगावलं होतं का? मुलानं पाकिटातून फोटो काढून पुढे केला. दोन वेण्या, झालरीचा फ्रॉक, चारेक वर्षांची पोर.

"माझी ताई. मी तान्हा असताना झोपेतच गेली. हृदय कमजोर होतं, आई सांगते."

"नाक अगदी तुमचंच," बाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. असं असेल तर वाट बघून चालणार नाही. नुसत्या सोनोग्राफीत सगळं कळणार नाही, मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सारून तपासावं लागेल, उद्या सकाळीच. एवढ्याशा जिवाला त्यात धोका असतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तोवर आजींना काही आठवलं तर बरं.

आजीला काहीच आठवलं नाही.

तिनं उभा जन्म लहान मुलांचे कपडे शिवले होते. झालर लावावी तर हिनंच, असं दुकानदार म्हणायचा. पण मुलगा शाळेत जायला लागला, या शहरात बिऱ्हाड आलं, आणि तेव्हापासून तिनं एकही फ्रॉक शिवायला घेतला नाही. चड्ड्या आणि शर्ट, बस्स. इथल्या लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, बिचारीला गेलेली पोर आठवते.

फोटो मुलाच्या हाती लागला तेव्हा तो सात वर्षांचा होता. ही कोण, त्यानं विचारलं, आणि तिनं दोन वाक्यांत विषय मिटवला. तिच्यापुरता मिटला. पोरानं मात्र ती ताई जिवापाड धरून ठेवली. वाढदिवसाला पहिला घास तिच्या फोटोपुढे. आता मुलगी झाली तेव्हा म्हणाला, ताईच परत आली. आजी तेव्हा भांडी घासायचं निमित्त करून आत गेली, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

बाहेर बाकावर बसल्यावर सुनेला राहवलं नाही.

"आई, खरं सांगा. मुलगी होती म्हणून तुम्ही तिला दवाखान्यात नेलं नाही ना? तुम्हाला मुलगा हवा होता."

आजीची मान खाली गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तरी तिनं नाही म्हटलं नाही. सुनेला तसं वाटत असेल तर वाटू दे. हा आळ निदान सोसवत होता.

"तिला बोलू नकोस," मुलगा बायकोला म्हणाला आणि आईपुढे उकिडवा बसला. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं, त्या काळी सगळेच मुलगा मागायचे, तुला कोणी दोष देत नाही. मग तो म्हणाला, "मी झालो म्हणून तिची आबाळ झाली असेल, तर तेही सांग. मी लहानपणापासून ते मनात धरूनच चाललोय, आई."

हे आजीला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं पोरगा हे ओझं वाहत होता, आणि ती शेजारी बसून शर्टाला बटणं लावत होती.

नर्स आली. उद्याच्या तपासणीसाठी बाळाला आत न्यायचं होतं. सुनेनं दुपट्यासकट मुलगी पुढे केली, तशी ती किंचाळून रडायला लागली. आजी उठली आणि नर्सच्या आडवी उभी राहिली.

"नेऊ नका. नळी घालायची गरज नाही. हृदय कुणाचंच कमजोर नव्हतं."

"मग ताई कशानं गेली?" मुलानं विचारलं.

"तुला ताई नव्हतीच," आजी म्हणाली. तिला मान वर करवेना. "मला मुलगी हवी होती. शाळेत नाव घालायच्या दिवशी तुझ्या वेण्या मीच कापल्या."