विभाचे तीन सेकंद

“काका, तारेजवळ गेलं की हे हेलिकॉप्टर तीन सेकंद उगाच थांबतं. कारण सापडत नाही. उद्या ते थांबणं काढून टाकते,” इंजिनिअर रेहाना ताडवी म्हणाली.

हणमंत खरात हातमोजे चढवत होता. हेलिकॉप्टरबाहेरच्या फळीवर बसून चालू विजेच्या तारा दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती.

“कारण आहे,” तो म्हणाला. “विभा चालवायची तेव्हा तारेजवळ थांबून मला विचारायची, ‘बाबा, जाऊ का?’ मी मान हलवली की मगच पुढे घ्यायची.”

हेलिकॉप्टर चालवणारं यंत्र उडायला शिकलं होतं ते हणमंतच्या लेकीच्याच उड्डाणांवरून. विभाला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कंपनीची अकराही हेलिकॉप्टरं वैमानिकाशिवाय, अजून तिच्याच हाताने उडत होती.

“मग राहू दे का, काका?”

हणमंत फळीवर जाऊन बसला. खाली उसाची शेतं लहान होत गेली. तार चार हातांवर आली आणि हेलिकॉप्टर अधांतरी थांबलं. रोज तो लगेच मान हलवायचा. आज हलवली नाही. आपण हो म्हणेपर्यंत पोर थांबेल, असं त्याला वाटलं. रिकाम्या सीटकडे बघत तो ताठ बसून राहिला.

तीन सेकंद झाले आणि हेलिकॉप्टर तारेकडे सरकलं.

त्याने काम नीट पुरं केलं. खाली उतरल्यावर हेल्मेट काढून तो रेहानाला म्हणाला, “टाक काढून, पोरी.”