दांड्याला बांधलेला ट्रक

गाडी ओढायच्या दांड्याची पिन ठोकून झाली, आणि तुकारामने मागे वळून पाहिलं.

सहा चाकांचा हिरवा लष्करी ट्रक. युरोपातल्या कुठल्याशा सैन्याने मोडीत काढलेला, एका हौशी अरबाने विकत घेऊन बोटीने शारजाच्या बंदरात उतरवलेला. त्याचं इंजिन काही केल्या सुरू होत नव्हतं. म्हणून तो धैदला, त्या अरबाच्या मळ्यावर ओढत न्यायचा होता. आणि ओढणार कोण, तर तुकारामची रिकव्हरी, म्हणजे बंद गाड्या ओढणारी गाडी, जी हल्ली रिकामी असली तरी कण्हत चालायची!

गॅरेजचा मालक तय्यबशेठ रत्नागिरीचा. बोलेल ते करणारा. "आज मळ्यावर पोचवलास तर गाडी राहील, तू पण राहशील," असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. "वाटेत बसली तर खलास. गाडी भंगारात, तुझा व्हिसा कॅन्सल."

तुकारामची मुलगी संपदा नुकतीच नर्सिंगला लागली होती. आता गावी परतायचं म्हणजे तिचं शिक्षण बंद. बाकी कशाचं त्याला काही वाटत नव्हतं, पण पोरीला तोंड कसं दाखवायचं?

ओढायच्या गाडीचं स्टिअरिंग सांभाळायला आत माणूस लागतो. तिथे अनिल चढून बसला होता. चिपळूणकडचा, पूर्वी एसटीवर ड्रायव्हर, गॅरेजमध्ये नवा. तुकाराम गेला तर त्याची जागा अनिललाच मिळणार, हे सगळ्या कॅम्पला ठाऊक होतं.

"बघ हां, तुकारामभाऊ," केबिनमध्ये शेजारी बसलेला मेकॅनिक हनीफ म्हणाला, "ज्याला तुझी सीट हवी, तोच तुझ्या मागे बसलाय. ब्रेक पण त्याच्याच पायाखाली."

"गप रे! यल्ला, निघू या."

सायलेन्सर फुटलेला होता. केबिनमध्ये इतका आवाज, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. रोल्लाची वर्दळ मागे पडेपर्यंत गाडी कशीबशी चालली. मग पुलाचा चढ आला आणि तिने मान टाकली. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मागे अख्खी इमारत ओढत असल्यासारखं वाटत होतं.

पूल कसाबसा पार करून तुकारामने गाडी कडेला घेतली आणि तणतणत मागे गेला.

"ब्रेकवर पाय ठेवून बसलायस काय रे?"

"नाही हो, दादा."

"मग एवढी जड का लागते?"

अनिलचा एक हात गिअरवर होता. दुसऱ्या हाताने तो डॅशबोर्डखाली काहीतरी चाचपत होता. मग म्हणाला, "दादा, आता थांबू नका. सेकंडमध्ये ओढा. झटका बसला तरी थांबू नका."

"तू मला शिकवतोस? तुझ्या मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून चालवतोय मी!"

"काय म्हणाला?" परत आल्यावर हनीफने विचारलं.

"झटका बसला तरी थांबू नको म्हणे. देणारा हाच, आणि सांगणारा पण हाच!"

आणि खरंच, जरा वेग धरला तोच मागून असा हिसका बसला, की हनीफचं डोकं काचेला आपटलं. गाडी जागच्या जागी अडल्यासारखी झाली. टायर किंचाळले. पुन्हा एक हिसका. तुकारामला आरशात काळाकुट्ट धूर दिसला. संपलं. आपलं इंजिन बसलं.

"हरामखोर! ब्रेक मारतोय, बघ!" त्याचा आवाज रडवेला झाला. "माझ्या पोरीचं वाटोळं करायला निघालाय!"

"थांबव मग गाडी!"

"थांबलो तर परत उठणार नाही ही!"

त्याने दात खाऊन ॲक्सिलरेटर दाबला. आणि मग जे झालं ते त्याला कळलंच नाही. गाडी हलकी झाली. एकदम. काटा हळूहळू खाली आला. थर्ड पडला, मग फोर्थसुद्धा. धूर मात्र आरशात होताच.

"हे काय रे, हनीफ?"

"मला काय विचारतोस? कार्बन साफ झाला असेल."

"असा? चालता चालता?"

"इन्शाल्ला," हनीफ म्हणाला आणि काचेला आपटलेलं डोकं चोळू लागला.

तुकाराम पुरता गोंधळला होता. उतार नव्हता. वाराही समोरूनच होता. शेवटी त्याने विचार करणं सोडून दिलं आणि डॅशबोर्डवर थाप मारली. "माझी म्हातारी ती! लाज राखली गं बाई."

मळ्याकडे वळणाऱ्या वाळूच्या रस्त्यावर तरी ती रुतणार, असं त्याला वाटलं होतं. कसली रुततेय! एका दमात फाटकातून आत गेली.

तय्यबशेठ आधीच मोटारीने येऊन थांबला होता. तो खिडकीपाशी आला, इंजिनाच्या धडधडाटावर ओरडून म्हणाला, "मानलं तुला! तुझी गाडी राहिली, तू पण राहिलास."

तुकारामच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण मनातला राग काही जाईना.

"शेठ, एक सांगतो. तो अनिल नको आपल्याला. वाटेत ब्रेक मारत होता. मला पाडायला बघत होता."

"काय सांगतोस?"

"विचारा हनीफला."

हनीफने मान डोलावली. शेठचा चेहरा उतरला. "असल्या माणसाला मी ठेवणार नाही. उद्याच पाठवतो घरी."

तुकारामला हायसं वाटलं. त्याने चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

धडधड थांबली नाही. ती मागून, बंद पडलेल्या ट्रकमधून येत होती.