अठ्ठावीसवरून अकरा

"आणखी मोठं कर," बाबा म्हणाले.

क्रांतीने अक्षरांचा आकार चोवीसवरून अठ्ठावीसवर नेला, तशी खेळातल्या गुहेची उजवी बाजू पडद्याबाहेर गेली.

"माझी अर्धी खाडी गेली कुठे?"

मग तिने दुसरा फॉन्ट शोधला, अंगाने अरुंद पण ठसठशीत. ऐंशी अक्षरांची ओळ कशीबशी पडद्यात मावली.

या खेळात चित्रं नव्हती. टिंबं म्हणजे जमीन, मोठा डी म्हणजे ड्रॅगन, एस म्हणजे साप, आणि ईमेलमधलं ॲटचं चिन्ह म्हणजे आपला माणूस. बाबांनी, म्हणजे नारू तांडेलांनी, चाळीस वर्षं चिखल्याच्या किनाऱ्यावरून होडी नेली होती. इंग्रजी अक्षरं त्यांना होड्यांच्या नंबरांपुरतीच येत. त्यांनी गुहेला खाडी केलं, ड्रॅगनला मुशी मासा, सापाला वाम, आणि खेळ सुरू केला.

आई गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून क्रांतीनेच आपला जुना लॅपटॉप आणून दिला होता. ती तलासरीत कॉम्प्युटर क्लास चालवायची आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घरी यायची. नवरात्रात बाबांना अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हापासून दर रविवारी येऊ लागली. अक्षरं लावून झाली की दोघं मिळून बोंबलाचं कालवण करत आणि आईसारखं झालं नाही म्हणून एकमेकांना दोष देत दोनदा वाढून घेत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डहाणूला जाऊन ऑपरेशन करायचं, एवढंच. पण बाबा अडून बसले. या खेळात माणूस एकदा मेला की मेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि त्यांचा माणूस अकराव्या मजल्यापर्यंत उतरला होता.

"हा मेला की येतो," ते म्हणाले. "जित्या माणसाला मधेच टाकून कसा येऊ?"

दिवाळीनंतर क्रांती तीन आठवडे नाशिकला प्रशिक्षणाला गेली. परतली ती ठरवूनच. अक्षरं दिसली नाहीत की माणूस मरेल. माणूस मेला की डोळे वाचतील. त्या रविवारी तिने अठ्ठावीसचे गुपचूप चोवीस केले.

"दिसतंय ना?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अंधूकच. चालवून घेतो. पुढच्या रविवारी परत बघ."

पुढच्या रविवारी वीस. मग सतरा. परतीच्या जीपमध्ये तिला स्वतःची लाज वाटायची. सख्ख्या बापाला फसवणारी मुलगी म्हणून ती मान खाली घालून बसायची.

माणूस मात्र मरेना. चौदाच्या अक्षरांत त्याने मुशी मारली. हे जमलं कसं, असं तिने विचारलं, तर समुद्रात डोळ्यांनी कोण बघतं, अंदाजानेच चालतं, असं बाबांनी ऐकवलं. अकरावर तर क्रांतीलाच पडद्याला नाक लावावं लागलं. बाबा खुर्चीत मागे रेलून खेळत होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिच्या डोळ्यांदेखत वाम आडवी आली. बाबा पळाले, वळले, लढले. पडद्यावर थडगं उमटलं. क्रांतीला आनंद झाला आणि आपल्याला आनंद झाला याचं वाईटही वाटलं.

"शब्द दिला होतात," ती म्हणाली.

बाबांनी सबबी काढल्या. उन्हाळा झाल्यावर बघू, मी एकटाच जाऊन येईन, तुझा क्लास कशाला बुडवतेस. तिने एकही ऐकली नाही.

सोमवारी ती त्यांना डहाणूला घेऊन गेली. तू बाहेरच बस, असं बाबा तीनदा म्हणाले. ती त्यांचा हात धरून, उंबरठा आला, सांभाळा, असं सांगत आत गेली.

डॉक्टरांनी मान वर केली आणि ओळखीचं हसले.

"या तांडेल. आता काय झालं? दोन्ही डोळे तर आपण दिवाळीनंतरच केले ना?"