पवन-मंजुषा.आयएसओ

“गेली हे सीडी, मावशी. इचा पापुद्राच निघाला.”

कारंज्याच्या बसस्टँडजवळ फुलचंदचा स्टुडिओ आहे. त्यानं ती चकती ट्यूबलाइटसमोर धरली, तर पलीकडचा उजेड आरपार दिसला. सोजरबाई मटकन स्टुलावर बसली. तिच्या मेलेल्या लेकीचा, निताचा, आवाज जगात तेवढ्या एका ठिकाणी शिल्लक होता. लग्नात नाव घेताना निता मधेच अडखळली होती आणि खुदकन हसली होती. ते हसू ऐकायला सोजरबाई आठ वर्षं ती सीडी लावत आली. दर वेळी पदरानं पुसून लावायची. पुसून पुसून तिनंच ती खलास केली, आता बोला!

“असं तोंड पाडू नका,” फुलचंद म्हणाला. “म्या समद्या लग्नायच्या सीड्या जशाच्या तशा कॉम्प्युटरात उतरवून ठेवल्या. त्याले इमेज म्हनतेत.”

“फोटो?”

“फोटो नाई वं माय. अख्खी सीडी, फाइल करून.”

सोजरबाईनं कॉम्प्युटर खालून वरून न्याहाळला. “पन याले तं सीडी टाकाची फटच नाई.”

“व्हर्च्युअल ड्राइव्ह हाये ना. खोटी, सॉफ्टवेअरची. तिच्यात फाइल बसवली, का कॉम्प्युटरले वाटते खरीच सीडी टाकली.”

“मशीन फसते?”

“फसते ना!”

सोजरबाईच्या जिवात जीव आला. मशीन फसो नाहीतर माणूस, तिला काय करायचं होतं! फुलचंदनं ‘निता’ टाकून शोधलं. काहीच निघालं नाही. मग सोजरबाईलाच आठवलं, की लग्नात सासरच्यांनी निताचं नाव बदललं होतं. “मंजुषा पाहा,” ती म्हणाली. ‘पवन-मंजुषा’ लगेच सापडलं. पवन म्हणजे इंझोरीचा तिचा जावई. फुलचंदनं ती फाइल खोट्या ड्राइव्हमध्ये माउंट केली आणि पडद्यावर सीडीचं चित्र उमटलं. फसला बिचारा कॉम्प्युटर.

सनई वाजली. गुलाबाच्या पाकळ्यांतून दोघांची नावं फिरत फिरत आली. सोजरबाईनं पदर कानामागं सारला. फेटा बांधलेला पवन दिसला, शेजारी नवरी. मुंडावळ्या सावरत नवरीनं मान वर केली.

“हे कोन होय?” सोजरबाईनं विचारलं.

फुलचंदनं तिला लगेच ओळखलं. निता बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत पवननं दुसरी केली, हे सोजरबाईला ठाऊक होतं. त्या लग्नाचं शूटिंगही फुलचंदनंच केलं होतं. सीडी उतरवताना कॉम्प्युटरनं त्याला विचारलंही होतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? सीझनची घाई होती. न वाचताच त्यानं ‘हो’ दाबलं होतं.

“चुकी माही हाये, मावशी. जुनी पुसल्या गेली. तिच्या जागी हे बसली.”

“वापस नाई येत?”

“नाई.”

सोजरबाईला भडभडून आलं. लेक गेली तेव्हा ती धाय मोकलून रडली होती. आता धड रडताही येईना. पडद्यावरच्या नवरीनं एका दमात नाव घेतलं. कुठं अडखळली नाही.

“हिचंई नाव मंजुषाच काहून ठेवलं?” तिनं विचारलं.

फुलचंद खाली पाहत म्हणाला, “हिच्या सासूनं मांडवातच सांगतलं होतं. म्हने, घरच्या समद्या भांड्यायवर मंजुषाच कोरलेलं हाये, आता दुसरं कायले ठेवता?”

“ते भांडे म्याच देल्ले होते, बाप्पा,” सोजरबाई म्हणाली. “नाव बी म्याच कोरून आनलं होतं.”